रामजीचं हसू

"मग कॅमेरा कुठाय?" बुवांनी विचारलं.

अच्युत फडतरे याच प्रश्नाची वाट बघत होता.

"गाडीच्या डिकीत, कुलपात. पावसाळ्यापासून हात लावलेला नाही."

धोंडबुवा वारणेकाठच्या त्या लहानशा मठात एकटेच राहत. आत्ता ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अच्युत साधासुधा फोटोवाला नव्हता. उडत्या पाखराच्या पंखावरून निथळणारा थेंब टिपावा तर त्यानंच, असं जाणकार म्हणत, आणि तेही त्याला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात तो मठात आला तेव्हा बुवा सहज बोलून गेले होते, की किती काढशील रे, एखाद्या वेळी नुसतं बघ. अच्युतनं ते वाक्य मंत्रासारखं घेतलं आणि कॅमेरा ठेवून दिला. आज तो गुरूला सांगायला आला होता, की मला जमलं.

आज पहाटे नदीवर धुकं होतं. पाणमांजराची मादी पिल्लाला तोंडात धरून पाणी कापत चालली होती. मध्येच थांबून तिनं अच्युतकडे पाहिलं. असं काही दिसावं म्हणून लोक आठवडेच्या आठवडे चिखलात पडून राहतात. अच्युत नुसता बघत राहिला. हात शिवशिवलासुद्धा नाही.

हे सगळं त्यानं बुवांना रंगवून सांगितलं. येताना चहावाल्याला सांगून झालं होतं, मठाच्या पायरीवर भेटलेल्या पाहुण्यांनाही सांगून झालं होतं, त्यामुळे आता सांगण्याला चांगली लय आली होती.

"आणखी?" बुवा म्हणाले.

आणखी होतंच. अभिमानाची खरी गोष्ट त्यानं शेवटाला राखून ठेवली होती.

मठाच्या मागच्या अंगाला अनसूयाबाईचं घर. तिचा नवरा रामजी अर्धांगाच्या झटक्यापासून खाटेला खिळलेला. तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. आज सकाळी बाईनं त्याची खाट अंगणात उन्हाला आणली, तर शेळीचं करडू खाटेवर चढलं आणि त्याच्या पटक्याचं टोक चघळायला लागलं. रामजी हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदा. बाई ओल्या हातांनी धावत वाटेवर आली, तर समोरून अच्युत येत होता.

"दादा, एक फोटू काढा जरा," ती म्हणाली. "हे हसाय लागल्यात. पोरगी आली की तिला दावीन."

अच्युतनं तिला शांतपणे समजावलं. क्षण असा धरून ठेवायचा नसतो, बाई. डोळे भरून बघून घ्या. तेच खरं.

एवढं सांगून अच्युत थांबला. शाबासकीसाठी.

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली…

मग ते उठले आणि चपला न घालताच मागच्या वाटेनं निघाले. अच्युत मागोमाग गेला. त्याला वाटलं, बुवा आता बाईला हेच आणखी नीट समजावतील.

अनसूयाबाई अंगण झाडत होती. बुवा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, यानं नाही म्हटलं ते माझ्या शब्दापायी. चूक माझी."

बाई ओशाळली. असं काय करता बुवा, म्हणून तिनं पदर सावरला. करडू केव्हाच उतरून गेलं होतं. रामजी रोजच्यासारखा भिंतीकडे बघत पडला होता.

अच्युतची कानशिलं तापली. आपल्यापायी गुरूला कुणापुढे हात जोडावे लागतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो गाडीकडे गेला आणि त्यानं डिकीचं कुलूप काढलं.

बुवा मठात परतले. अच्युत कॅमेरा घेऊन त्या अंगणातच बसून राहिला.

बाईनं करडू आणून पुन्हा खाटेवर ठेवून बघितलं. रामजीनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऊन सरकलं, तशी तिनं खाट सावलीत ओढली. दुपार टळत आली. हसू काही आलं नाही.

मग बाई वाडग्यात पेज घेऊन आली आणि चमच्या चमच्यानं भरवू लागली. वाकड्या ओठातून पेज हनुवटीवर ओघळली. तिनं ती पदरानं पुसली. रामजीनं चांगल्या हातानं तो पदर धरला, आणि सोडेचना. बाई तशीच वाकून उभी राहिली, चमचा हातात धरून…

अच्युतनं बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं तिला फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"मीबी आले व्हय ह्यात," ती म्हणाली. "असू द्या. पोरीला हाच द्या."

अच्युत जवळजवळ धावतच मठात आला. छाती भरून आली होती. असा फोटो त्यानं जन्मात काढला नव्हता, आणि हे सांगायला त्याला कुणा जाणकाराची गरज नव्हती. तो उतरता उजेड, ती मूठ, तो ताणलेला पदर… त्यानं कॅमेरा बुवांच्या पुढ्यात धरला.

"आता कळलं, बुवा," तो म्हणाला. "धरायचंही नाही आणि सोडायचंही नाही. ज्याचा क्षण आहे, त्याच्या हाती द्यायचा."

बुवांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला. खूप वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले, ते अच्युतनं पाहिलं, आणि त्याची मान आणखी ताठ झाली.

"फार चांगला आलाय," बुवा म्हणाले.

अच्युत उभाच होता. गुरू आणखी काहीतरी बोलतील, असं त्याला वाटत होतं.

बुवांनी कॅमेरा परत त्याच्या हातात दिला.

"पेज संपवली का रे रामजीनं?"