दोन दोऱ्या

“मग चूक त्या यंत्राचीच ना, बुवा?”

बुवा शेंगा सोलत होते. बोटं खडूने पांढरी झाली होती. खडू कशाला हातात घेतला होता, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

“पुन्हा सांग. म्हातारा माणूस मी.”

विचारणारा मिहीर देवस्थळी, पुण्याच्या एका कंपनीतला इंजिनीअर. हुशार. तसं त्याने आल्याआल्या दोनदा सांगितलंही होतं. कुंभारखिंडीच्या टेकडीवरचा हा मठ चढून तो आला होता, तो फक्त ‘नाही रे, तुझी चूक नाही’ एवढं ऐकायला.

“ऑफिसच्या चॅटवर मी एक एआय मदतनीस बसवला. त्याच्या हाताशी साधनं असतात. प्रत्येक साधनाला मी वर्णन लिहून देतो. ते वाचून तो ठरवतो, कुठलं उचलायचं.”

“त्याला दिसतं ते एवढंच?”

“एवढंच.”

“बरं. मग?”

“एका साधनाने निरोप एका माणसाला जातो, दुसऱ्याने सगळ्या ऑफिसला. साहेबांनी त्याला सांगितलं, ललिता पागेला कळव, केमोथेरपीसाठी रजा मंजूर. त्याने ते चारशे जणांना कळवलं.”

बुवांचा हात थांबला.

“तिने कुणाला सांगितलं नव्हतं?”

“आईलासुद्धा नाही. आईला... ऑफिसमधल्या कुणीतरी धीर द्यायला फोन केला, तेव्हा समजलं.”

“आता?”

“आठ दिवस झाले, ती कुणाशी बोलत नाही. आणि सोमवारी मदतनीस परत चालू करायचाय. मी म्हणतो, याहून हुशार आणू.”

“वर्णनं काय लिहिली होतीस?”

“दोन्हींना एकच. ‘निरोप पाठवते.’ मला आटोपशीर लिहायची सवय आहे.”

“वा!” बुवा खूश झाले. “मीही आटोपशीरच लिहितो. चल, जेवायची वेळ झाली. सभामंडपात जाऊन पंगतीची घंटा वाजव बघू.”

मिहीर उठला.

सभामंडपात छतातून दोन दोऱ्या लोंबत होत्या. दोन्ही सारख्याच जाड, सारख्याच मळलेल्या. प्रत्येकीशेजारी भिंतीला एक पाटी.

एकीवर लिहिलं होतं, ‘वाजते.’

दुसरीवर लिहिलं होतं, ‘वाजते.’

बुवा दहा पावलांवर बसले होते. विचारता आलं असतं. पण एवढा शिकलेला माणूस, दोरी कुठली म्हणून विचारणार?

त्याने उजवी ओढली.

ती घंटा केवढी, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. पलीकडच्या डोंगरावरचा ठार बहिरा गुराखी ‘आलो, आलो’ म्हणाला, एवढंच सांगतो.

ती वणव्याची घंटा होती.

चैत्राचे दिवस. डोंगरावर गवत वाळून कोळ झालेलं. पाव तासात अख्खी वाडी टेकडी चढून वर आली. कुणाच्या खांद्यावर ओली पोती, कुणाच्या हातात आग झोडपायला हिरव्या फांद्या. सगळ्यांच्या मागून धापा टाकत पारूबाई. डोक्याला शिकेकाई तशीच, ओघळ डोळ्यांत, आणि हातात भरली कळशी.

“कुठं पेटलंय, बुवा?”

“कुठंच नाही.”

“मग वाजवली कुणी?”

सगळ्यांनी मिहीरकडे पाहिलं.

“अहो, पाटीवर लिहायला नको का, कुठली दोरी कसली...”

त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

बुवा उठले. गुडघे धरत मंडपाच्या पायरीपर्यंत आले आणि हात जोडले.

“माफ करा मंडळी. पाट्या मी लिहिल्या होत्या.”

“पण ओढली तर ह्यानं न्हवं?” पारूबाई म्हणाली.

“त्याला जेवढं वाचायला दिलं, तेवढं त्याने वाचलं.”

“जळ्ळ्या तुमच्या पाट्या!” पारूबाईने पदराने डोळे पुसले. ते जास्तच झोंबले. “कळशी घेऊन चढलीय मी. माझा लेक वर गुरं घेऊन गेलाय. मला वाटलं...”



...

मिहीर पायरीवर खाली बसला. त्याने फोन काढला. ललिताला लिहिलं, ‘मदतनिसाकडून चूक झाली.’ पुसलं.

मग लिहिलं, ‘ते वर्णन मी लिहिलं होतं. चूक माझी.’

पाठवण्याआधी वरचं नाव त्याने तीनदा वाचलं.

उत्तर आलं नाही. तो वाट पाहत बसला नाही. उठला, बुवांसमोर हात पसरला. बुवांनी कनवटीचा खडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्याने दोन्ही पाट्या पुसल्या. एकीसमोर बराच वेळ उभा राहिला.

“बुवा... किती लिहू?”

बुवा पुन्हा शेंगा सोलायला बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नुसतं खांबाशी टेकलेल्या पारूबाईच्या लाल डोळ्यांकडे बोट केलं.

“हिला उगाच पळत यावं लागणार नाही, एवढं.”