साळूचे एकशे चोवीस मथळे

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. अंगभर काटे असलेला तो प्राणी. लेखणीसाठी तिला कुणाच्या दारात जावे लागत नसे. गळलेला काटा उचलायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा, की झाली लेखणी तयार. साऱ्या जंगलात लिहिता येणारी ती एकटीच होती, आणि ही गोष्ट तिला जरा जास्तच ठाऊक होती.

त्याच जंगलात एक म्हातारे अस्वल होते. त्याला सगळे आबा म्हणत. कुठले मूळ तापावर चालते, कुठला पाला जखमेवर बांधायचा, कुठला कांदा विषारी आणि तो चुकून पोटात गेलाच तर काय चाटवायचे, हे सगळे आबांच्या डोक्यात होते आणि दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात नव्हते. त्यांची नजर अधू झाली होती. चार पावले चालले की धाप लागे. एके दिवशी त्यांनी साळूला बोलावून घेतले. "साळू, माझं आता काही खरं नाही. मी सांगतो, तू उतरवून घे. रोज सकाळी येत जा." साळूला गहिवरून आले. तिला नुकतेच पिल्लू झाले होते. उद्या त्याला काही झाले तर आबांवाचून कोण होते? "आबा, एक शब्द सांडू देणार नाही," ती म्हणाली. आणि तिच्या मनात अगदी तसेच होते, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे तुम्ही तिला नावे ठेवाल, म्हणून.

पहिले बारा दिवस फार चांगले गेले. आबा रोज एक औषध सांगत, साळू ते पळसाच्या पानावर लिहून घेई आणि पान एका दगडाखाली दाबून ठेवी. शेजारी एक रानडुकरीणही येऊन बसत असे. तिला लिहिता येत नव्हते. ती नुसती ऐकायची, आणि ऐकले की त्याच दिवशी जाऊन ते मूळ उकरून, हुंगून, चाखून यायची. मग डबक्याजवळच्या खडकावर सुळ्याने एक ओरखडा काढायची. साळूला हसू येई. "अगं बाई, खाऊन कधी विद्या येते का?" ती विचारी. रानडुकरीण म्हणे, "मला कुठलं तुझ्यासारखं लिहिता येतंय? माझं आपलं एवढं नाक आहे, त्यावर भागवते झालं."

तेराव्या दिवशी साळूला तापाचे पान हवे होते. ते सापडायला तिला सगळी बारा पाने चाळावी लागली. बारा पाने चाळायला असा कितीसा वेळ लागतो? पण तिच्या मनात आले, उद्या शंभर झाली तर? प्रश्न काही चुकीचा नव्हता, मुलांनो. घात झाला तो उत्तर शोधण्यात.

"ढीग?" वरच्या फांदीवरून सुतारपक्षी म्हणाला. "ताई, ढिगाचे दिवस गेले! त्या वठलेल्या सागात मी खण पाडून देतो. तापाचा खण वेगळा, जखमेचा वेगळा." साळूला ते एकदम पटले. खण तयार झाले, बारा पाने पुन्हा सुबक अक्षरात लिहून झाली, आणि मग पेच पडला : विंचू चावून ताप आला, तर ते औषध विंचवाच्या खणात ठेवायचे की तापाच्या? या एका विचारात आठ दिवस गेले. आबांचा निरोप आला, "साळू आली नाही ती?" साळूने उलट निरोप धाडला, "आबांना म्हणावं, खण लागले की येतेच."

मग सुगरण भेटली. ती म्हणाली, "खणांचं काय घेऊन बसलीस? ते जागचे हलतात का? माझ्या विणलेल्या पिशव्या बघ. हव्या त्या फांदीला टांग." पाने पिशव्यांत गेली, अर्थात पुन्हा नव्याने लिहून. पिशव्यांची वीण साळूच्या मनास येते न येते, तोच कोळी खाली उतरला. "ना खण, ना पिशवी," तो म्हणाला. "धागा! प्रत्येक पान दुसऱ्या पानाला बांधायचं. विंचवाचं पान ओढलंत की तापाचं आपोआप हातात." साळूचे डोळे लकाकले. हेच तर ती शोधत होती! आता बाराच पाने बांधून त्या जाळ्याला शोभा कशी यावी? म्हणून तिने ठरवले, आधी सगळे मथळे तयार करायचे, मजकूर मागाहून भरायचा. आबांना ठाऊक असलेल्या प्रत्येक दुखण्याचे एक पान. तिने आठवून, विचारून, मोजून एकशे चोवीस मथळे काढले. जंगल बघायला लोटले. ससे म्हणाले, "काय हो ही विद्या!" आणि साळू लाजली.

मथळे रंगवायला ती आबांच्या गुहेत जाऊन बसू लागली, एवढे मात्र खरे. अशाच एका सकाळी आबांनी कुणी न विचारता बोलायला सुरुवात केली. "तो पांढरा कांदा असतो ना, साळू, खडकाच्या फटीत उगवणारा. पिल्लं फसतात त्याला..." रानडुकरीण कान टवकारून ऐकत होती. साळूपुढे नेमके तेच पान होते, आणि मथळा शेंदरी शोभेल की हळदी, हे तिचे ठरत नव्हते. "हो, आबा. हो," ती म्हणत राहिली. आबांचे सांगून झाले. त्यांनी विचारले, "घेतलंस ना लिहून?"

"जागा करून ठेवलीय, आबा. कोळ्याचे धागे एकदा पक्के झाले, की सगळं एकदमच उतरवते. तेवढं थांबा."

"थांबायला मी तयार आहे गं," आबा म्हणाले. "पण हा देह तयार आहे का?" मग ते नुसतेच "बरं" म्हणाले. ते त्यांनी रागाने म्हटले असते तर किती बरे झाले असते, असे मला आजही वाटते. चौथ्या दिवशी कोळ्याने शेवटची गाठ मारली. साळू ताजे जांभूळ घेऊन धावतच गुहेत गेली. आबा पहाटेच गेले होते.

साळू रडली, सगळे जंगल रडले, पळस फुलला आणि गळला. आणि एके सकाळी साळूचे पिल्लू तोंडाला फेस आणून दारात कोसळले. त्याच्या दातांत पांढऱ्या कांद्याचा तुकडा होता. साळू जाळ्याकडे धावली. कोळी खोटे बोलला नव्हता हो! एक धागा ओढताच पान हातात आले. 'पांढरा कांदा पोटात गेल्यास', असा सुरेख शेंदरी मथळा होता. त्याखाली काही नव्हते. तिने पान उलटे केले. मागेही काही नव्हते. त्या पानाचा धागा 'विषावरची औषधे' या पानाकडे जात होता, तिथून 'कडू मुळे' या पानाकडे, आणि तिथून परत पांढऱ्या कांद्याकडे. ती धाग्यामागून धागा ओढत राहिली. मग तिने डोळे मिटून आबांचे शब्द आठवून पाहिले. त्यांचा आवाज आठवला, गुहेतला ओलसर वास आठवला; पण शब्द म्हणून एवढेच आठवत होते : शेंदरी की हळदी, शेंदरी की हळदी. बाहेर ऊन चढत चालले होते.

दुपार कलल्यावर डबक्याकडून येणारी रानडुकरीण दारात थबकली. तिने पिल्लाचे तोंड हुंगले. "पांढरा कांदा का? अगं, मग ओढ्याच्या वरच्या अंगाला ते मूळ आहे ना! आबांनी आपल्या दोघींना सांगितलं, त्या दिवशी नाही का?" एवढे बोलून ती धावली, मूळ उकरून आणले, चावून त्याचा रस पिल्लाच्या तोंडात सोडला. दिवस मावळायच्या आत पिल्लाने डोळे उघडले. ते वाचले. मागचा उजवा पाय मात्र लाकडासारखा झाला होता, तो तसाच राहिला.

"दुपारच्या आत द्यायला हवं, असंही म्हणाले होते आबा," रानडुकरीण खाली बघत म्हणाली. "सकाळीच मला हाक मारायची होतीस, बाई."

दुसऱ्या दिवशी साळू एकटीच डबक्यापाशी गेली. खडकावरच्या ओरखड्यांवरून तिने हात फिरवला. "आणखी काय काय सांगितलं होतं गं आबांनी तुला?" तिने विचारले.

"एकोणीस," रानडुकरीण म्हणाली. "त्यातली बारा तुझ्याकडेही आहेत. पुढचं नाही सांगितलं त्यांनी. मी मागे लागले होते. पण म्हणायचे, तू दमतेस कशाला, साळू लिहून घेणार आहे, तिच्यासाठी राखून ठेवलंय."

साळू खूप रडली. मग तिने पळसाची सात पाने तोडली, रानडुकरीण सांगेल तसे वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून घेतले, आणि पाने दगडाखालच्या ढिगात ठेवून दिली. उरलेले एकशे पाच मथळे जाळ्यात तसेच लटकत राहिले. ते काढून टाकायला तिचा हात होईना. एकदा पिल्लू लंगडत लंगडत तिथे गेले आणि त्याने विचारले, "आई, यांच्यावर काय लिहिलंय?"

"दुखण्यांची नावं."

"आणि खाली?"

"खाली आबा यायचे होते, बाळा," साळू म्हणाली. "मी त्यांना थांबायला सांगितलं."

तात्पर्य : सांगणारा आहे तोवर मिळेल त्या पानावर, येईल त्या अक्षरात लिहून घ्यावे. वही नीटनेटकी करायला आपल्याला पुढे दिवस मिळतात; सांगणाऱ्याला मिळतीलच असे नाही.