चुनकड्याचा घाणा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे भारी शब्द मला येत नाहीत. पण गडावर आलेल्या पाहुण्यांनी लहानूबाबांनी सांगितलेली हकिगत लिहून मागितली, म्हणून जशी ऐकली तशी लिहितो.

डोंगरधारेने चुनकडा गडावर यायला पाहुण्यांना तीन दिवस लागतात. आमची उंबरदांडवाडी थेट कड्याच्या पायथ्याशी आहे. तुटक्या पायऱ्यांनी आम्ही अर्ध्या दिवसात चढतो. गडाचं सगळं पडलंय. एक बुरूज तेवढा उभा आहे आणि त्याच्यापुढे चुन्याचा घाणा. दगडी गोल चर, त्यात कमरेएवढं दगडी चाक आणि चाकातून आरपार गेलेला लाकडी दांडा. सगळीकडे गवत माजतं, त्या चरात उगवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर पोचलो तेव्हा धुकं होतं. पाहुण्यांतल्या अनुजाताईंनी विचारलं, "दगड एवढा जुना, मग दांडा नवा कसा?"

"दरसाल बदलतो आम्ही. वर्षात झिजतो," लहानूबाबा म्हणाले. ते माझे चुलत आजोबा, चाळीस वर्षं वाट दाखवतात.

"म्हणजे फुकटची व्यायामशाळा की, बाबा!" शिरीषदादा हसत पुढे झाले.

"लावा की हात. मग सुटी कोण देतंय ते बघू."

शिरीषदादांनी हात खिशात घातले. मग बाबा सांगायला बसले. मी लांबच उभा होतो. उद्या त्या दांड्याला मला हात लावायचा होता.

बुरूज बांधत होते तेव्हाची गोष्ट म्हणे. शेवटच्या पायऱ्या बैलांना चढवत नव्हत्या, म्हणून चाक माणसं ढकलत. चाक थांबलं तर चरातला चुना घट्ट होऊन वाया जाई. म्हणून नेम असा, की बदलीच्या माणसाने आधी दांडा धरायचा, मगच पहिल्याने सोडायचा. आमच्या वाडीचा धावजी आणि त्याचा मेहुणा चैतू अशी दोघांची जोडी होती.

एका सकाळी निरोप आला, धावजीच्या बायकोला कळा लागल्या. पाळी धावजीची होती. चैतू म्हणाला, "दाजी, मी पळत जाऊन बघून येतो. आलो की दांडा धरतो, मग तुम्ही जा."

"तू येईस्तोवर हात सोडणार नाही," धावजी म्हणाला. चुन्यात बोट बुडवून त्याने ते कपाळाला लावलं. ती शपथच झाली.

बहिणीला मुलगी झाली होती. चैतूने भाची पाहिली, भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकून जरा डोळे मिटले. जागा झाला तेव्हा धुक्याने कडा गिळला होता. तीन दिवस पायरी दिसली नाही. पण वरून चाकाचा घरघराट येत होता, रात्रंदिवस. चौथ्या दिवशी धुकं फाटलं. धुक्यामुळे खालीच अडकलेले गवंडी आणि चैतू वर गेले. चाक फिरत होतं. दांड्यामागे कोणी नव्हतं. लाकडावर दोन पांढरे पंजे होते, एवढंच. तो चुना पिठाहून मऊ निघाला. उभा आहे तो बुरूज त्याचाच, असं सांगतात.

चैतूला अन्न गोड लागेना. बाराव्या दिवशी तो एकटा चढला. दांडा धरला आणि म्हणाला, "दाजी, उशीर झाला. धरलं मी. जा तुम्ही." दिवसभर तो ढकलत राहिला. खाली वारा नसताना पाळणा हलला, आणि पोरीच्या कपाळावर चुन्याचं बोट उमटलं. दिवस बुडताना दांडा चैतूच्या हाताखालून आपोआप पुढे सरकला. धावजी परत आला होता. चैतू उशिरा आला होता, म्हणून शपथ सुटली असं त्याने धरलं नाही.

आजही त्या तिथीला वाडीत त्या वर्षीचं पहिलं बाळ अंगणात पाळण्यात ठेवतात. चूक मामाची, म्हणून दांडा धरायचा तोही बाळाच्या मामानेच, दिवस बुडेपर्यंत. तेवढ्या सुटीत धावजी खाली येऊन पाळणा हलवून जातो. एक मामा भरदुपारी भिऊन पळाला होता. तो घरी पोचला, पण त्याचे हात ढकलतच राहिले म्हणे. जेवताना, झोपेतसुद्धा, मरेपर्यंत.

अनुजाताई म्हणाल्या, "यंदा कोणाची पाळी?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा काय उभा आहे लाजाळू. ह्याच्या बहिणीला पोरगी झाली पंधरा दिवसांपूर्वी."

"जाणार का रे?" शिरीषदादांनी हळू विचारलं. मी चुलीसाठी लाकडं गोळा करायला गेलो. बाबा मागून आले. म्हणाले, "भ्या वाटत असेल तर आत्ताच सांग. तिथीला पाळणा हलला नाही, तर चालेल. अर्ध्यावर सोडलंस तर नाही चालायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पाहुण्यांना घेऊन डोंगरधारेने उतरले. ते दिसेनासे झाल्यावर मी चपला काढून चरात उतरलो. दगडांवर दव होतं, बोटं गारठली होती. "दाजी, धरलं मी," म्हणालो आणि दांडा धरला. लाकूड कोमट होतं, आत्ताच कोणी सोडल्यासारखं. मी ढकलायला लागलो.