टिकलीचा मोबाइल आणि घाटातलं माकड

बसलात का मांडीवर? पाय हलवू नका. ऐका.

टिकली नावाची एक खार होती. एवढीशी. मुठीत मावेल एवढी. टिकली निघाली आत्याकडे. बसने. एकटी!

आई आली नाही. पण आईने मोबाइल दिला. मोबाइलमध्ये आईची अंगाई होती. अंगाई ऐकली की टिकलीला झोप यायची. नाही ऐकली तर? नाहीच यायची!

बस घाट चढली. घर्र घर्र! चहापाण्याला थांबली. पण इंजिन चालूच. घर्र घर्र!

टिकली मोठी हुशार. पण खिडकीपाशी बसली, की हुशारी उडाली भुर्र! तिने मोबाइल खिडकीबाहेर धरला. म्हणाली, "घाटाचा फोटो काढते."

झप्प!

माकड आलं. मोबाइल घेतला. सरसर सरसर झाडावर गेलं.

टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते शेपटीने पुसलं. रडून मोबाइल खाली येतो का? मुळीच नाही! टुणकन तिने खिडकीतून उडी मारली.

"माकडा माकडा, मोबाइल दे ना!"

माकड म्हणालं, "अंहं! भाजलेलं कणीस दे, मग देतो."

टिकली निघाली. टुण टुण टुणुक! झाडाखाली साळूमावशी बसली होती. अंगभर काटे, पुढ्यात शेगडी, शेगडीवर कणसं.

"माकड मोबाइल देईना,
अंगाई मला मिळेना.
साळूमावशी, कणीस भाज ना!"

साळूमावशी म्हणाली, "भाजलं असतं गं पोरी. पण विस्तव फुलेना. मोर नाचू दे, पिसाऱ्याचा वारा येऊ दे. मग भाजते."

टिकली निघाली. टुण टुण टुणुक! दगडावर मोरदादा बसला होता. ऐटीत!

"विस्तव फुलेना,
कणीस भाजेना,
माकड मोबाइल देईना,
अंगाई मला मिळेना.
मोरदादा, नाच ना!"

मोरदादा म्हणाला, "असाच नाचू? तालाशिवाय? छे! सुताराला ठेका धरू दे. मग नाचतो."

टिकली निघाली. टुण टुण टुणुक! खोडावर सुतार पक्षी बसला होता. लाल तुरा, लांब चोच.

"मोर नाचेना,
विस्तव फुलेना,
कणीस भाजेना,
माकड मोबाइल देईना,
अंगाई मला मिळेना.
सुतारभाऊ, ठेका धर ना!"

सुतार म्हणाला, "काय? मोठ्याने बोल! ही बस बघ, घर्र घर्र, घर्र घर्र! माझा ठेका मलाच ऐकू येत नाही. इंजिन बंद होऊ दे. मग धरतो."

टिकली निघाली. टुण टुण टुणुक! बसमध्ये पुढे ड्रायव्हर बसला होता. कोण ड्रायव्हर? गवेमामा! केवढे मोठे! केवढी शिंगं!

टिकली घाबरली का? छट्!

"सुतार ठेका धरेना,
मोर नाचेना,
विस्तव फुलेना,
कणीस भाजेना,
माकड मोबाइल देईना,
अंगाई मला मिळेना.
गवेमामा, इंजिन बंद करा ना!"

गवेमामा म्हणाले, "एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे चल. घंटीशिवाय मी बोटसुद्धा हलवत नाही. बगळेकाकांना एक घंटी देऊ दे. मग करतो बंद."

टिकली निघाली. टुण टुण टुणुक! मागच्या दारात बगळेकाका उभे होते. बगळेकाका कंडक्टर. लांब मान, लांब पाय, कपाळाला आठ्या.

"इंजिन थांबेना,
सुतार ठेका धरेना,
मोर नाचेना,
विस्तव फुलेना,
कणीस भाजेना,
माकड मोबाइल देईना,
अंगाई मला मिळेना.
बगळेकाका, घंटी द्या ना!"

बगळेकाका म्हणाले, "थांब गं! इथे माझा एक प्रवासी हरवलाय! तो सापडू दे. मग देतो."

"कसा दिसतो प्रवासी?"

"बारीकसा. पाठीवर पट्टे. झुबकेदार शेपूट. खिडकीपाशी बसला होता."

टिकली हसली. खुदुखुदु हसली.

"अहो काका, ती मीच की!"

बगळेकाकांनी मान वाकवली. इकडून बघितलं. तिकडून बघितलं. "अगं बाई, तूच की!" कपाळाच्या आठ्या गेल्या. त्यांनी दोरी ओढली.

टण्!

मग काय विचारता!

घंटी वाजली, इंजिन थांबलं.
इंजिन थांबलं, सुताराने ठेका धरला. ठक ठक ठकाठक!
ठेका धरला, मोर नाचला. थुई थुई!
मोर नाचला, वारा सुटला. वारा सुटला, विस्तव फुलला.
विस्तव फुलला, कणीस भाजलं. तड तड तड!
कणीस भाजलं, माकड धावलं.

कणीस गरम गरम! माकड म्हणालं, "हाय हाय! हुय हुय!" कणीस धरायला एक हात पुरेना. लावले दोन्ही हात. आणि मोबाइल?

सुटला! टपकन पडला शेगडीपाशी आलेल्या टिकलीच्या मऊ मऊ शेपटीवर!

"मिळाला! माझा मोबाइल मिळाला!"

साळूमावशी म्हणाली, "ये इकडे. खिडकीत मोबाइल नाचवतात का गं, वेडाबाई?" तिने अंगातला एक काटा काढला. त्याची केली सुई. सुईत ओवला दोरा. टिकलीच्या फ्रॉकला आतून खिसा शिवला. वर एक बटण लावलं. मोबाइल आत, बटण बंद!

टण् टण्! बस निघाली. घर्र घर्र!

टिकली खिडकीपाशी बसली. तेवढ्यात टपावरून डोकं खाली आलं. उलटं डोकं! माकडाचं! कणीस संपलं होतं ना.

"टिकले टिकले, मोबाइल कुठाय?"

टिकलीने नुसतं पोटावर थोपटलं. आतून आईचा आवाज आला.

"नीज गं टिकले, नीज नीज..."

माकडाने आत येऊन बाकावर बघितलं. बाकाखाली बघितलं. टिकलीच्या मागे बघितलं. आवाज येतो, पण मोबाइल काही दिसेना! शोधून शोधून माकड दमलं. हिरमुसलं. हात हलवत झाडावर गेलं.

आणि टिकली? टिकली केव्हाच झोपली. एक हात खिशावर ठेवून.