निरोपाचा तंबोरा

"मग आक्का, सिनेमा कसा वाटला ते सांगा की."

कुमुदिनीनं पुन्हा विचारलं, आणि दुर्गाक्कानं पुन्हा चहाची बशी तिच्यापुढं सरकवली.

मिरजेच्या टॉकीजला कुमुदिनीच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. चौकाचौकात पोस्टरवर तिचं तोंड, हे एवढं मोठं. तिला गाणं शिकवलं ते आक्कानं, परकरातली पोर होती तेव्हापासून. म्हणून शेजारणीनं म्हातारीला रिक्षात घालून सिनेमा दाखवून आणला होता.

"माझं सोंग घेतलेली बाई लई गोरी गं," आक्का म्हणाली. "मी जन्मात एवढी गोरी नव्हते. आणि तंबोरा धरलाय कसा, तर तान्हं पोर धरावं तसा. आता दूध पाजते का काय, असं झालं मला."

कुमुदिनी हसली. पण हसू गालातच राहिलं.

आक्का बशी डाव्या हातानं उचलत होती. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं आत वळलेली.

"हे कधी झालं?"

"वारं गेलं अंगावरून. झाली की वर्षं... तू मुंबईला होतीस."

कुमुदिनीनं मान खाली घातली. तिनं मोटार गल्लीच्या तोंडाशीच उभी केली होती. येताना वाटलं होतं, आक्का पाठीवर हात ठेवील, झालं गेलं विसरून जाईल. त्या एका हातासाठी तर ती एवढ्या लांबून आली होती.

आक्काच्या घरची एक रीत होती. कुणी शिष्या परगावी निघाली, की तिनं तंबोरा सुरात लावायचा, आक्काच्या मांडीवर द्यायचा आणि म्हणायचं, "आक्का, येते." आक्का तारा एकदा छेडायची. मगच पोरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं. सूर घरी ठेवून जावा, म्हणजे माणूस त्याच्या ओढीनं परत येतं, असं आक्का म्हणायची.

सिनेमात तसंच दाखवलं होतं. कुमुदिनी झालेली पोर तंबोरा लावते, आक्काच्या मांडीवर देते, "येते" म्हणते, आणि उंबऱ्यात मागं वळून ढसाढसा रडते. टॉकीजमधल्या बायका तिथं पदर डोळ्याला लावायच्या.

खरं तसं नव्हतं. मुंबईहून रेकॉर्डवाल्यांची गाडी दारात आली तेव्हा आक्का देवळात गेली होती. थांबलं तर म्हातारी अडवील, अजून गळा कच्चा आहे म्हणील, म्हणून कुमुदिनी तशीच गाडीत बसली. तंबोरा भिंतीला, बेसूर. पुढं नाव झालं, तशी लाजही वाढत गेली, आणि ती फिरकलीच नाही. सिनेमावाल्यांनी त्या दिवसाचं विचारलं, तर खरं सांगायला जीभ उचलेना. जे करायचं राहिलं, तेच केलं म्हणून तिनं सांगून टाकलं.

आता ते टॉकीजमध्ये बसून आक्कानंही पाहिलं होतं.

"सिनेमातलं ते जातानाचं, आक्का..."

"हं."

"ते मीच तसं सांगितलं त्यांना."

"असंल."

चुलीवरचं आधण तेवढं खदखदत राहिलं.

मग कुमुदिनी उठली. कोपऱ्यातला तंबोरा घेतला, गवसणी काढली. तारा उतरलेल्या होत्या. खाली मांडी घालून तिनं खुंट्या पिळल्या, तारांखालचा दोरा बोटानं जरा इकडं, जरा तिकडं केला. हात विसरला नव्हता. घटकाभरानं सूर असा भरून आला, की भांड्यांची फळीसुद्धा घुमायला लागली.

तिनं तंबोरा उचलून आक्काच्या मांडीवर दिला. डोक्यावर पदर घेतला. डोळ्याला धार लागली होती.

"आक्का..." पुढचा शब्द फुटेना.

आक्कानं उजव्या हाताकडं पाहिलं. तो हलला नाही. मग तिनं डावा हात उचलला आणि तळवा चारी तारांवर पालथा ठेवला.

घर गप्प झालं.

"ती सिनेमातली पोर कुठली गं?" आक्कानं विचारलं.

"पुण्याची."

"तिला एकदा जेवायला घेऊन ये. येते म्हणून गेलीय बिचारी."