राखून ठेवलेली पाठ

एका जंगलाच्या कडेला नदीचा उतार होता, आणि त्या उताराशी एक गाढव राहत असे. उतार म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा. गाढव पूर्वी एका कुंभाराची माती वाहायचे. कुंभार वारला, गाढव मोकळे झाले. जवळच ख्रिस्ती वस्तीचे छोटेसे चर्च होते. त्याच्या कुंपणाबाहेर गवत चांगले, म्हणून ते तिथेच राहिले.

बाळांनो, गाढवाची पाठ कधी नीट पाहिलीत का? काही गाढवांच्या मानेपासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते, आणि खांद्यांवरून दुसरी, आडवी. दोन्ही मिळून क्रूस दिसतो. या गाढवाचा क्रूस अगदी ठळक होता. चर्चच्या खिडकीतून त्याला भिंतीवरचे एक चित्र दिसे. राजा बाळ येशूच्या जिवावर उठला, तेव्हा मरिया आणि योसेफ त्याला घेऊन मिसर देशाला पळाले, त्याचे ते चित्र. त्यात मरिया लेकराला पोटाशी धरून गाढवावर बसलेली होती.

"चित्रातलं ते गाढव आमच्याच घराण्यातलं," आपले गाढव म्हणे. "प्रभू परत येणार आहे. आला की त्याला ही नदी ओलांडावी लागेल. तेव्हा माझी पाठ तयार हवी."

म्हणून त्याने पाठीवर कावळासुद्धा बसू दिला नाही. रोज नदीत अंग धुवावे, उन्हात वाळवावे. आणि धुळीत लोळणेही सोडले. गाढवाने लोळणे सोडायचे म्हणजे काय, ते गाढवालाच ठाऊक. त्याची भक्ती खोटी नव्हती, हे आधी सांगून ठेवतो.

काठावरच्या गोट्यांत एक टिटवी राहायची. ती चिडवी, "काय संत महाराज, आजही लोळण नाही?"

"टिटवीबाई, ही साधी पाठ नाही."

"नसेल बाबा! पण घडी घालून ठेवायला पाठ म्हणजे काय लुगडं आहे?"

नाताळ जवळ आला. चर्चच्या दारात कागदाची चांदणी लागली. अशाच एका दुपारी टिटवी एकाएकी कलकलाट करू लागली. टेकडीवर रानकुत्र्यांची टोळी उतरली होती. बिळे उकरीत, जो सापडेल त्याला फाडीत ती निघाली होती. तिकडून एक सशीण धावत आली. तोंडात पिल्लू, मागून लंगडत येणारा तिचा म्हातारा बाप. काठाशी येऊन तिने पिल्लू खाली ठेवले आणि मागे वळून पाहिले.

"दादा," ती धापा टाकत म्हणाली, "पलीकडे सोडता का? तिथं काटेरी बन आहे, कुत्री शिरत नाहीत. हे पाणी तुमच्या गुडघ्याएवढं, पण आमच्या डोक्यावरून जाईल."

गाढवाला खरोखर वाईट वाटले. पण ते म्हणाले, "बाई, ही पाठ प्रभूसाठी राखलेली आहे. तुमच्या पायांना रक्त लागलंय, चिखल लागलाय. नाताळ तोंडावर आलाय. आणि आज तुम्हाला नेलं की उद्या सारी टेकडी इथं येईल."

"आम्हाला नका नेऊ," म्हातारा ससा म्हणाला. "लेकरू तेवढं न्या. त्याचं वजनही कळायचं नाही तुम्हाला."

"वजनाचं काही नाही, बाबा..."

"अरे मेल्या, ने ना!" टिटवी वरून ओरडली. "बोलत काय बसलास? कुत्री झाडांपर्यंत आली!"

गाढव म्हणाले, "वरच्या अंगाला पाण्यात दगड आहेत. त्यांच्यावरून उड्या मारत जाता येईल. जा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." आणि त्याने डोळे मिटले.

प्रार्थना त्याने मनापासून केली, लांबलचक केली. डोळे उघडले तेव्हा काठ मोकळा होता. रानकुत्री वास घेत आली, पाण्याशी घुटमळली आणि परत गेली.

सूर्य कलताना टिटवी आली. आज तिने चिडवले नाही.

"पोचले का ग?" गाढवाने विचारले.

"पोचले. बाप आणि लेक."

"आणि पिल्लू?"

"सशिणीचं तोंड रिकामं होतं," टिटवी म्हणाली. "मधला दगड शेवाळलेला आहे, गाढवा. तुला कसं ठाऊक असणार? तू कधी त्याच्यावरून गेलास?"

नाताळच्या सकाळी गाढव खिडकीशी उभे राहिले. आत गाणी चालली होती. आजवर त्या चित्रात ते फक्त गाढव बघत आले होते. आज त्याने मरियेकडे पाहिले. तिची पावले धुळीने भरलेली होती, आणि ती मान वळवून मागे बघत होती. अगदी सशिणीसारखी.

गाढव हळूहळू नदीवर आले. "टिटवीबाई, त्या दुपारी माझ्यापुढं कोण उभं होतं ग?"

"मी बापडी काय सांगू? मी काही चर्चमध्ये जात नाही," टिटवी म्हणाली. "पण तुझ्या त्या पूर्वजाला तरी कुणी सांगितलं होतं का, पाठीवर कोण बसलंय ते? त्याला दिसली असेल दमलेली बाई, भेदरलेला बाप्या आणि एक लेकरू. तेवढं बघून तो वाकला असेल."

 त्या दिवसापासून गाढव उतारातच उभे राहू लागले. जो येईल त्याला पलीकडे न्यायचे. चिखलाने माखलेली रानडुकराची पिल्ले नेली. एकदा साळिंदर नेले, तेव्हा टिटवी हसून हसून लोळली. पाठीवर इतका गाळ बसला की क्रूस दिसेनासा झाला.

पुढे रानकुत्री दुसऱ्या रानात निघून गेली, आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर सशीण आणि तिचा बाप दिसले. ते घरी परतत होते. गाढव धावत पाणी तुडवीत गेले आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले.

"या बाई, बसा. बाबा, तुम्हीही बसा."

सशिणीने त्या मळलेल्या पाठीकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आज आमच्या मागं कुणी लागलेलं नाही, दादा," ती म्हणाली. "आज आम्ही दगडांवरून सावकाश जाऊ."

ती दोघे वरच्या अंगाला गेली. मधल्या दगडापाशी सशीण थोडी थांबली, मग पुढे गेली. गाढव बराच वेळ तसेच पाण्यात गुडघे टेकून राहिले.

तात्पर्य : जो जीव मुठीत धरून दाराशी येतो, त्याच्या रूपानेच प्रभू येतो, आणि तो कोण हे विचारीत बसलो तर त्याची वेळ निघून जाते. मागून केलेली दया दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. ज्याला नाकारले, त्याच्या नाही.