आमदारसाहेबांची कोनशिला

माझा दादा हरेश गेल्या महिन्यातल्या उधाणात गेला. लाटांनी घराची भिंत त्याच्या अंगावर पाडली. पाहणीला आलेल्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "समुद्र पुढे सरकलाय. बंधारा बांधा, नाहीतर उरलेली घरंही जातील." वहिनी पोरांना घेऊन शेजारच्याच घरात राहते.

नारळी पौर्णिमेला आमदार दाजीसाहेब आमच्या कोळीवाड्यात आले आणि माईकवर गरजले, "समुद्र बोटभरही हललेला नाही! ती बाई विरोधकांची आहे. बंधारा कशाला हवा?"

माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "साहेब, मागच्या निवडणुकीआधी तुम्ही किनाऱ्यावर बालोद्यानाचं भूमिपूजन केलंत. यंदाचा पहिला नारळ त्या कोनशिलेपाशी उभं राहून वाहा."

साहेब खूश झाले. "चल, दाखव कुठे आहे!"

ढोलताशांसकट सगळे किनाऱ्यावर आले. मी बोट दाखवलं. लांब पाण्यात दगडाचं टोक दिसत होतं आणि त्यावर पाणकावळा बसला होता.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कसली, साहेब? समुद्र हलला नसेल, तर तुम्ही भूमिपूजन पाण्यात केलंत. जमिनीवर केलं असेल, तर बाई खऱ्या. काय ते तुम्हीच सांगा."

"झोपाळे काय माशांना बांधणार होतात?" मागून आत्या ओरडली. बायका इतक्या हसल्या की ताशेवाल्याचे हात थांबले.

घाम पुसत साहेबांनी माईक मागवला. "बाई खऱ्या आहेत," ते म्हणाले. "बंधारा होईल."

नारळ त्यांच्या हातातच राहिला होता. तो मी काढून घेतला, कमरेभर पाण्यात शिरलो आणि दादाच्या नावाने सोडला.